व्हेनेझुएलातील पाखरू

पेडणे तालुक्याच्या पूर्वेस आमचे इब्रामपूर. महाराष्ट्रात जिला तिळारी म्हणतात, तीच नदी इकडे शापोरा या नावाने वाहते. पलीकडच्या तीरावर डिचोली तालुका. नदीकाठी भातशेती, वर काजूची भरड.

गेल्या भाद्रपदात, जहाजावर नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने व्हेनेझुएलाहून एक छायाचित्र पाठविले. बंदराजवळच्या ओल्या गवतावर दोन चिमुकली पाखरे. "सर, हा दक्षिण अमेरिकेतला कोणता पक्षी?"

दोन रात्री मी पुस्तके चाळली. एक पाखरू काळ्या डोक्याचे, दुसरे साधे तपकिरी. त्या खंडातील पुष्कळ दाणेखाऊ पाखरांत नर रंगीत आणि मादी मातकट असते. तेव्हा ही जोडीच, असे मी ठरवून टाकले आणि तिथेच फसलो; कारण काळे डोके, बदामी पाठ, शुभ्र कुशी आणि पोटावर पुन्हा काळा पट्टा असा नर काही सापडेना.

तिसऱ्या सकाळी शाळेच्या वाटेवर बांधाशी पाऊल थबकले. लव्हाळ्यावर तोच पक्षी झुलत होता! तिरंगी मुनिया, कोणी मनोलीही म्हणतात. हिच्यात नरमादी सारखीच दिसतात, तपकिरी असते ते पिल्लू. पावसाळ्यात उंच गवतात गवताचाच गोळा विणून ती घरटे करते; जाडसर, रुपेरी चोच गवताच्या बिया आणि भाताचे दाणे सोलायला.

पिंजऱ्यात पाळण्यासाठी ही पाखरे परदेशी गेली आणि तेथून सुटून कॅरिबियन बेटांत व व्हेनेझुएलात स्थिरावली. दक्षिण अमेरिकेच्या पाखरांशी त्यांचे गोत्र जुळत नाही. जुळते ती केवळ उपजीविका. आपल्याकडे १९९१ च्या कायदा-दुरुस्तीने वन्य पक्ष्यांचा व्यापार बंद झाला, तरी गेलेली परत थोडीच येतात!

मला लागले ते निराळेच. हा मुलगा सात वर्षे याच बांधावरून शाळेत आला. मी त्याला मराठी शिकवले, व्याकरण घोटून घेतले. पण या पाखराला आम्हा दोघांपाशी 'भात खाणारी चिमणी' याहून दुसरे नाव नव्हते. त्याने निदान विचारले तरी!

खरे उत्तर लिहून पाठविले. दोन दिवसांनी त्याचा उलट प्रश्न आला, "आपल्या शेतात अजून आहेत?"

संध्याकाळी जाऊन मोजली. अकरा, त्यांत तीन तपकिरी.