फॅन कोणाचं ऐकतो?

गाडी सुरू केली की रेडिएटरचा फॅन लगेच पूर्ण वेगात फिरू लागायचा आणि किल्ली काढेपर्यंत थांबायचा नाही. भर उन्हात कुंभार्ली घाट चढून आल्यावर असं झालं असतं तर नवल नव्हतं. पण हे व्हायचं सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गार इंजिनावर. डॅशबोर्डावरचा इंजिनाचा पिवळा दिवाही कधी लागायचा, कधी नाही.

चिपळुणात अशी गाडी दाखवायला नेली तेव्हा दोन सल्ले मिळाले. एक, "भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याचं काय काम?" दुसरा, "फॅन डायरेक्ट करून आत स्विच देतो. हवा तेव्हा लावा, नको तेव्हा बंद." वायरमनचा हेतू चांगला होता, गिऱ्हाइकाचा खर्च वाचावा एवढाच. पण या दोन्ही गोष्टींना माझा ठाम विरोध आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन हव्या त्या तापमानाला यायला फार वेळ घेतं, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि झीजही जास्त होते. आणि स्विचचं म्हणाल, तर घाटात कंटेनरमागे रांगेत अडकलेलो असताना तो लावायचा ज्या दिवशी राहून जाईल, त्या दिवशी हेड गॅस्केट गेलंच. फॅन कसा बंद करायचा हा माझा प्रश्नच नव्हता. त्याला फिरायला कोण सांगतंय, ते मला शोधायचं होतं.

जुन्या अँबॅसिडरमध्ये फॅन पट्ट्यावर चालायचा. इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणार. आताच्या गाड्यांत त्याला स्वतःची मोटर असते. मोटरला वीज देतो रिले, आणि रिलेला हुकूम सोडतो इंजिनाचा कॉम्प्युटर. हा हुकूम मुख्यतः कूलंटच्या तापमानावर ठरतो, शिवाय एसी लावला असेल तर त्यावर. पुष्कळ गाड्यांत साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान फॅन लागतो आणि पारा थोडा उतरला की थांबतो. म्हणजे फॅन थांबतच नसेल तर शक्यता मोजक्या राहतात. इंजिन खरंच तापत असेल, रिले चिकटला असेल, एसीकडून निरोप येत असेल, नाहीतर तापमानाची बातमीच खोटी असेल.

रिलेवर माझा संशय कमी होता. बहुतेक गाड्यांत त्याला थेट बॅटरीवरून वीज येते. त्याचे पॉइंट जळून चिकटले असते तर किल्ली काढल्यावरही फॅन फिरत राहिला असता. तरी फ्यूज बॉक्समधला त्याच जातीचा दुसरा रिले तिथे लावून पाहिला. फरक पडला नाही. एसी बंदच होता. मग गार गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट पाहिलं. तापलेल्या इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका, आतल्या दाबाने उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कूलंट काठोकाठ होतं. हे पाहणं गरजेचं असतं, कारण पातळी उतरली की सेन्सर कूलंटऐवजी वाफेत उभा राहतो आणि काहीही सांगू लागतो.

शेवटी स्टेअरिंगखालच्या सॉकेटात ब्लूटूथचा लहान स्कॅनर लावला आणि मोबाइलवर आकडे उघडले. कूलंटचं तापमान: उणे ४० अंश. सोबत कोड, पी०११८.

त्या आकड्याने मला जवळजवळ सगळं सांगितलं. या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत घटतो. २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम. वायर तुटली की रोध अनंत होतो आणि कॉम्प्युटरला तो ध्रुवावरच्या थंडीसारखा दिसतो. ही बातमी खरी असू शकत नाही, हे त्याला शिकवून ठेवलेलं असतं. मग इंजिन गार आहे की तापलंय हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो फॅन पूर्ण वेगात सोडून देतो. हे ज्याने ठरवलं त्या इंजिनिअरबद्दल मला मनापासून आदर वाटतो. काहीच दिसत नसताना यंत्राने इंजिन वाचवायची बाजू घ्यावी, हा विचार कोणीतरी आधीच करून ठेवला होता. आणि आपण तोच फॅन तोडून स्विचवर घ्यायला निघतो!

सेन्सरचा कपलर काढून मीटर लावला. दोन हजार ओहमच्या जवळपास, म्हणजे सकाळच्या हवेला साजेसा, सेन्सर ठीक. कपलरच्या बाजूला किल्ली चालू करून मोजलं तर ५ व्होल्टही नीट आले. इथे पुष्कळ जण वायरिंगला निर्दोष ठरवून नवा सेन्सर आणतात. पण मीटरला व्होल्ट दाखवायला तांब्याचा एक धागाही पुरतो. मी कपलरच्या दोन्ही टोकांमध्ये तारेचा तुकडा जोडला. मोबाइलवरचा आकडा उणे ४० वरून एकदम १३० च्या वर गेला, जायलाच हवा होता. मग वायर हलकेच वाकवली आणि आकडा परत उणे ४० वर आला.

कपलरमागचं आवरण कापलं तेव्हा तांब्याच्या जागी हिरवी भुकटी होती, आणि तिच्या कडेला बारीक तपकिरी गाळ. गाळ पाहिल्यावर कारण विचारावं लागलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी बोनेटपर्यंत बुडाली होती. ऑइल, फिल्टर, सीट, सगळं बदललं गेलं, पण गाळाचं पाणी कपलरच्या आत बसून राहिलं आणि तांबं खात राहिलं.

आणखी एक कोडंही तिथेच सुटलं. फॅनची भानगड सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून ॲव्हरेज उतरलं होतं, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास यायचा, प्लग काळे पडायचे. गंज वाढत होता तसा रोध वाढत होता, आणि कॉम्प्युटर तापलेल्या इंजिनालाही गार समजून जास्त पेट्रोल पाजत होता. वायर पूर्ण तुटली तेव्हा कुठे फॅनने आवाज दिला.

वायरसकट नवा कपलर आणला, गंजाच्या मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत जुनी वायर कापली, जोड डाख देऊन पक्का केला आणि वर स्लीव्ह चढवली. कोड पुसून गाडी जागेवर चालू ठेवली. आकडा सावकाश चढत गेला, रेडिएटरचा वरचा पाइप गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. ९६ ला फॅन लागला, ९१ ला थांबला.

पुरातून वाचलेली दुसरी एक गाडी आमच्याच आळीत आहे. तिचा फॅन उलट किल्ली काढल्यावरही फिरत राहायचा आणि सकाळी बॅटरी उतरलेली असायची. मालक नवी बॅटरी घ्यायला निघाला होता. त्याला म्हटलं, जरा थांब, आधी रिले उपसून बघू. रिले काढताच फॅन थांबला. मोकळ्या रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या पायांना मीटर लावला, तर वीज न देताही तो सलग बीप देत होता.