अजून किती वेळ?

‘वर्तमानात जगा’ असं कुणी म्हटलं की मला राग यायचा. असं सांगणाऱ्यांची विजेची बिलं, आईवडिलांची औषधं आणि मुलांच्या फिया दुसरंच कुणीतरी सांभाळत असणार, असं मला मनापासून वाटायचं. उद्याचा विचार करतो तो जबाबदार आणि आजच्या दिवसात रमतो तो बेफिकीर, अशी सरळ वाटणी मी करून टाकली होती. मुलीची परीक्षा सुरू झाली की माझं मन निकालात, निकाल लागला की प्रवेशात. आईचा फोन आला की तिच्या पुढच्या तपासण्यांचा हिशेब डोक्यात सुरू व्हायचा. ती काय बोलली हे फोन ठेवल्यावर आठवायचं नाही. तरीही मी स्वतःला सांगायचे, मी सतत तिचाच तर विचार करते.

झोप पार उडाली, तेव्हा इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला नाव घातलं. जाण्याआधी थोडं वाचलं आणि माझ्या वाटणीला पहिला तडा तिथेच गेला. १९६९ साली ही साधना भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात वाढलेले उद्योजक. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. देशाचा हिशेब तपासणारा माणूस ‘या क्षणात राहा’ असं शिकवत होता. त्याला बेफिकीर कसं म्हणणार?

शिबिरात पहाटे चारला घंटा आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. फोन, पुस्तक, वही काही नाही. बोलायचंही नाही. पहिले तीन दिवस फक्त आनापान: श्वास जसा येतो-जातो तसा जाणायचा, तो बदलायचा नाही. मला चार श्वाससुद्धा सलग जमेनात. मन पळायचं, आणि कुठे पळतं हे मी प्रथमच नीट पाहत होते. पाहून लाज वाटली. ज्याला मी दूरदृष्टी समजत होते, त्यात नवा विचार एकही नव्हता. त्याच चार धास्त्या, त्याच क्रमाने, आणि उपाय एकीवरही नाही.

चौथ्या दिवशी प्रत्यक्ष विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहणं, शिकवतात आणि मग अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात. दिवसातून तीनदा, एकेक तास, हातपाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. अशाच एका तासात माझा उजवा गुडघा पेटला. श्वास सुटला, संवेदना सुटल्या, मनात एकच प्रश्न राहिला: अजून किती वेळ? वेदनेकडे तटस्थपणे पाहा, अशी सूचना होती. मी चिडूनच पाहिलं. कळ गुडघ्याच्या आतल्या बाजूला होती. ती सलग नव्हती. वाढत होती, ओसरत होती, जरा सरकत होती. आणि त्या क्षणापुरती ती मला सोसवत होती.

सोसवत नव्हता तो उरलेला वेळ. जी वेदना अजून आलीच नव्हती, ती सगळी मी आत्ताच अंगावर घेतली होती. विश्वास बसेना म्हणून पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. लक्ष घंटेकडे गेलं की कळ असह्य, गुडघ्यावर आणलं की नुसती कळ. तेवढ्यात आई आठवली. तिच्या न आलेल्या आजारपणाचं दुःख मी कितीदा करून बसले होते, आणि आज धडधाकट असलेली, फोनवर हसत बोलणारी आई मात्र मला ऐकूच येत नव्हती. मुलीच्या न झालेल्या अपयशासाठी जागले, आणि शेजारी बसून ती जे सांगत होती ते कानाआड केलं. याला मी प्रेम म्हणत आले होते. तो भित्रेपणा होता.

मग नियोजन सोडून द्यायचं का? उत्तर त्या शिबिरातच होतं. तिथे शिबिरार्थींकडून फी घेत नाहीत. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर आणि सेवेवर सगळं चालतं. आम्ही डोळे मिटून बसायचो तेव्हा कुणीतरी दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याचं धान्य मोजून ठेवत होतं. या क्षणात राहायला शिकवणारी जागा इतक्या काटेकोर वेळापत्रकावर उभी होती. उद्याचं काम आज बसून ठरवता येतं आणि ठरवून झालं की उठता येतं. मी कधी उठलेच नव्हते.

मन आजही पळतं. आईचे रिपोर्ट यायचे असले की पोटात गोळा येतो. तेव्हा मी डॉक्टरांची वेळ घेते, पैसे बाजूला काढते. एवढं झाल्यावर जे उरतं ती भीती असते, जबाबदारी नव्हे, हे आता मला ओळखता येतं. आईचा फोन आला की हातातलं काम ठेवून बसते. ती तेच तेच सांगते, अशी माझी जुनी तक्रार होती. ऐकायला लागल्यावर कळलं, दर वेळी त्या गोष्टीत एखादं नवं माणूस येतं, एखादी राहून गेलेली गंमत येते. माझ्या काळजीतून आईला आजवर काहीच मिळालं नव्हतं. या ऐकण्यातून तिला काहीतरी मिळतं, कारण हल्ली फोन ठेवायची घाई तिला नसते आणि मलाही नसते.