प्रोव्हो येथील एक साहित्योपासक

अमेरिकेस जाऊन आलेल्या मंडळींना न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचीं आणि नायगाराच्या धबधब्याचीं वर्णनें लिहिण्याची हौस फार. आमच्या दैवीं हीं दोन्ही स्थळें नव्हतीं. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त यूटा राज्यांतील सॉल्ट लेक सिटी येथें राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तेथें तीन महिने राहून आलों. जें पाहिलें, त्यांतील एकच गोष्ट वाचकांस सांगावयाची आहे. आणि ती एका शिक्षकाची आहे.

हें शहर चार हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेलें आहे. पूर्वेस वासॅच पर्वताची रांग आणि वायव्येस तें प्रसिद्ध खारें सरोवर. जोसेफ स्मिथ यांनीं १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांत मॉर्मन पंथ स्थापन केला; १८४४ सालीं इलिनॉय राज्यांत जमावानें त्यांचा वध केला. पुढें ब्रिगम यंग यांच्या मागून अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि २४ जुलै १८४७ रोजीं या ओसाड खोऱ्यांत उतरले. बहुपत्नीत्वामुळें या पंथाचा बराच बोभाटा झाला. ती चाल सोडल्याची घोषणा पंथानें १८९० सालीं केली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहत. ते पंथानें मॉर्मन, आम्ही ब्राह्मण. परंतु दोघेहि जातीनें मास्तर, म्हणून स्नेह लवकर जमला. चहा, कॉफी, मद्य व तंबाखू या मंडळींना वर्ज्य. त्यामुळें आमच्या कुटुंबानें पुढें केलेला चहा त्यांनीं नम्रपणें नाकारला आणि लिंबाचें सरबत घेतलें. बोलतां बोलतां आम्हीं विचारलें, “आपल्या लोकांत साहित्य कितपत निर्माण झालें?” ते हंसले व म्हणाले, “हा प्रश्न ज्यांनीं जन्मभर विचारला, त्यांच्या वर्गांत मी बसलों आहें. उद्यां आपण प्रोव्होला जाऊं.”

प्रोव्हो तेथून दक्षिणेस सुमारें पंचेचाळीस मैल. डोंगराच्या उतारावर इंग्रजी ‘वाय’ हें अक्षर पांढऱ्या रंगांत एवढें मोठें काढलें आहे कीं, तें गांवाबाहेरूनच दिसतें. त्याच्या पायथ्याशीं ब्रिगम यंग यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १८७५ ची; चालक स्वतः मॉर्मन पंथ. या विद्यापीठांत यूजीन इंग्लंड हे १९७७ पासून १९९८ पर्यंत इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. ग्रंथालयाजवळच्या एका बांकावर बसून आमच्या स्नेह्यांनीं आपल्या गुरुजींचें चरित्र सांगितलें.

इंग्लंड यांचा जन्म १९३३ सालीं यूटांतील लोगन गांवीं झाला. बालपण आयडाहो राज्यांत, गव्हाच्या शेतांत गेलें. तरुणपणीं ते सपत्नीक सामोआ बेटांत धर्मप्रचारास गेले. पुढें स्टॅनफर्ड येथें अध्ययन चालूं असतां १९६६ सालीं त्यांनीं चार मित्रांसह ‘डायलॉग’ हें त्रैमासिक काढलें. ‘संवाद’ या अर्थाचें तें नांवच त्यांचें ब्रीद होतें. पंथांतील श्रद्धावंतांनीं व शंकेखोरांनीं एकाच पानावर सभ्यपणें वाद करावा, हा हेतु. कृष्णवर्णीयांना पंथांत पौरोहित्याचा अधिकार नसे. या निर्बंधाचें दुःख इंग्लंड यांनीं त्याच त्रैमासिकांत १९७३ सालीं उघडपणें मांडलें. तो निर्बंध १९७८ सालीं उठला.

घरच्या विद्यापीठांत जागा मिळण्यापूर्वीं त्यांनीं कांहीं वर्षें मिनेसोटा राज्यांत, लूथरपंथीयांच्या सेंट ओलाफ महाविद्यालयांत काढलीं. स्वपंथाचें साहित्य शिकवावयाचें आणि नोकरी मात्र परपंथीयांच्या घरीं, असा तो योग.

१८८८ सालीं ऑर्सन व्हिटनी नांवाच्या मॉर्मन पुढाऱ्यानें, आपल्यांतहि मिल्टन व शेक्सपिअर निपजतील, अशी आशा प्रकट केली होती. त्यानंतर बोधपर कथा-कवितांचें पीक उदंड आलें. इंग्लंड यांनीं मात्र वेगळीच खाण दाखविली. ते म्हणत कीं, आपलें अस्सल वाङ्मय आजा-पणजींच्या रोजनिशांत, पत्रांत व आठवणींत आहे. मेरी गोबल पे या बाईंची आठवण त्यांना फार मोलाची वाटे. इंग्लंडहून निघालेलें हें कुटुंब ११ डिसेंबर १८५६ च्या रात्रीं सॉल्ट लेक येथें पोंचलें, तेव्हां आई गाडींतच मरून पडलेली आणि भावंडांचे पाय बर्फानें गोठलेले. मेरी त्या वेळीं तेरा वर्षांची होती. पुढें तिनें हें सारें लिहिलें तें एकहि अलंकार न वापरतां. काव्यशास्त्रांत आम्हीं ‘स्वभावोक्ति’ शिकविली. तिचें एवढें जिवंत उदाहरण आम्हांला या वयांत परदेशीं मिळालें!

१९७६ सालीं मॉर्मन साहित्याची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत इंग्लंड होते. पंथाच्या वाङ्मयाचे कालखंड त्यांनीं पाडले. कवितांचे व लघुकथांचे संग्रह संपादिले. आणि स्वतः निबंध लिहिले. १९८६ सालच्या त्यांच्या एका गाजलेल्या निबंधाचा आशय आमच्या स्नेह्यांनीं सांगितला, तो असा: या पंथांत पगारी पुरोहित नाहींत. ज्या वस्तींत घर, त्या वस्तीच्या मंडळींत बसावयाचें. सोबती निवडण्याची सोय नाहीं. नेमून दिलेलें काम न आवडणाऱ्या माणसांबरोबर करावें लागतें. इंग्लंड म्हणत, हाच पंथाचा खरा उपयोग. आवडत्यांवर प्रेम करणें कोणालाहि जमतें. नावडत्यांसह राहून तें शिकावें लागतें.

हें ऐकून आम्ही चमकलों. एकत्र कुटुंबांत जन्म काढलेल्यास हें निराळें सांगावयास नको!

परंतु घरांत राहून बोलणाऱ्यास घरचे बोल ऐकावे लागतात. परमेश्वर सर्वज्ञ कीं त्याच्याहि ज्ञानांत वाढ होते, या विषयावर इंग्लंड यांनीं जें मांडलें, तें पंथाच्या बारा प्रेषितांपैकीं ब्रूस मकॉन्की यांस रुचलें नाहीं. १९८१ सालीं त्यांनीं लांबलचक पत्र धाडलें. सिद्धान्त सांगणें आमचें काम. तुम्हीं त्याचा अनुवाद करावा, नाहीं तर मौन धरावें, हा त्याचा मथितार्थ. इंग्लंड यांनीं पंथ सोडला नाहीं, आणि विचारहि टाकला नाहीं. आठ वर्षांनीं, १९८९ मध्यें, त्यांनीं लेख लिहून दाखविलें कीं, ईश्वराविषयीं बोलण्याच्या या दोन्ही रीति परस्परपूरक आहेत. सगुण-निर्गुणाचा वाद पाठ असलेल्या आम्हांस हा तोडगा परका वाटला नाहीं. निवृत्तीनंतर शेजारच्या ऑरेम गांवच्या महाविद्यालयांत मॉर्मन अध्ययनाचा उपक्रम उभारीत असतांनाच ते आजारी पडले आणि ऑगस्ट २००१ मध्यें वारले.

“त्या पत्रानें ते दुखावले असतील?” आम्हीं विचारलें.

“फार,” स्नेही म्हणाले. “पण रविवारीं ते त्याच मंडळींत येऊन बसत.”

परततांना गाडींत आम्ही बोललों नाहीं. कारण असें कीं, तसें पत्र आम्हींहि एकदां तोंडीं दिलेलें आहे. वीस वर्षांपूर्वीं आमच्या वाड्यांत मुंजीच्या दिवशीं आमच्या पुतण्यानें चार पाहुण्यांदेखत विचारलें, “आत्या विधवा झाली म्हणून तिनें मागें कां बसावें?” आम्हीं संस्कृत वचनें त्याच्या अंगावर फेंकलीं आणि घराची लाज राख म्हणून त्यास गप्प बसविलें. तो खरोखरच गप्प बसला. पुढें नोकरीस परगांवीं गेला. सणावारीं येतो, वांकून नमस्कार करतो. पण पुन्हां त्यानें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. आमच्या त्या भगिनी गेल्या सालीं निवर्तल्या. अखेरपर्यंत त्या मागेंच बसत. ज्या मुलानें घर न सोडतां घराला प्रश्न विचारला, त्याला आम्हीं घराचा शत्रु समजलों.

स्वदेशीं परतल्यावर पुतण्यास पत्र घातलें. त्यांत इंग्लंड यांची हकीकत लिहिली, आणि शेवटीं चार ओळी स्वतःच्या. पत्राचें उत्तर आलेलें नाहीं. परंतु संक्रांतीस मुलांना घेऊन येतों, असें त्यानें आपल्या काकूंस फोनवर कळविलें आहे. या खेपेस त्यास कांहीं विचारावेंसें वाटलें, तर आम्ही तें बसून ऐकणार आहों.