एरलचं घर

एरल कुणाचाही निरोप न घेता गेला. तो मेला असता तर त्याच्यावर मृत्युलेख तरी लिहिता आला असता. पण ज्या महाकाय ड्रॅगन मादीशी तो झुंजला, तिच्याच सोबतीनं तो आभाळात चढत गेला आणि दिसेनासा झाला. टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. त्यांतली आठवी, ‘गार्ड्स! गार्ड्स!’, १९८९ साली आली आणि एरल भेटतो तो तिच्यात. अंख-मॉर्पोर्क शहराच्या पहारेकऱ्यांवरच्या आणखी सात कादंबऱ्या तिच्यामागून आल्या, पण त्यांतल्या एकीतही तो परतला नाही. दलदलीत राहणाऱ्या ड्रॅगनच्या जातीतलं हे एक खुरटं पिल्लू. त्याची गोष्ट बहुतेक वाचक पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगतात: सगळ्यांनी टाकाऊ ठरवलेला जीव शेवटी शहराला वाचवतो. मला हे वाचन मान्य नाही, आणि ते एरलवर अन्याय करणारं आहे असं मला वाटतं. एरलची गोष्ट ही एका घराची गोष्ट आहे. निरुपयोगी प्राण्याला निरुपयोगी राहू देणारं घर मिळणं फार दुर्मीळ, आणि ते त्याला मिळालं. शहर वाचणं ही त्यानंतरची बाब.

या जातीची प्रकृतीच नाजूक. अग्नी निर्माण करणारं पोट घेऊन जगायचं आणि ते पोट कायम तक्रार करणार. हे ड्रॅगन घाबरले, चिडले, आजारी पडले, फार आनंदले, तरी त्यांचा स्फोट होऊ शकतो. शहरातली सर्वांत श्रीमंत बाई, लेडी सिबिल रॅमकिन, यांनी या प्राण्यांना आयुष्य वाहिलेलं आहे. रबरी बूट, अंगावर जाड संरक्षक पोशाख, केस जळून गेल्यामुळे डोक्यावर टोप, अशा थाटात त्या दिवसभर पिंजऱ्यांमधून वावरतात. आजारी आणि सोडून दिलेल्या ड्रॅगनसाठी त्या आश्रम चालवतात, त्यांच्या रोगांवर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे, आणि प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणारी उत्तम रक्ताची जनावरंही त्यांच्याच घरी वाढतात. एरल त्यांच्याकडचाच. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आणि खानदानी, पण अंग अंड्यासारखं, पंख तोकडे, भुवया जवळजवळ त्या पंखांएवढ्या आणि नाकपुड्या बोगद्यासारख्या. प्रदर्शनाच्या दृष्टीनं वाया गेलेलं पोर. सिबिलबाईंइतकं ड्रॅगनविषयी कळणारं माणूस त्या जगात दुसरं नाही, आणि त्यांचाही निकाल असाच होता. तरी त्यांनी त्याला दूर लोटलं नाही. सॅम व्हाइम्स या पहारेकऱ्यांच्या कॅप्टनला त्यांनी तो देऊन टाकला. निकाल चुकला तरी माया चुकली नाही, हे मला त्या बाईंचं खरं मोठेपण वाटतं.

तो ज्या घरात आला ते घर म्हणजे रात्रपाळीची चौकी. तिथली माणसं पाहिली की एरल तिथे का टिकला याचा उलगडा होतो. या शहरात चोरांचा संघ कायदेशीर आहे आणि वर्षाकाठी किती चोऱ्या करायच्या हेही आधीच ठरलेलं असतं. मग पहारेकऱ्यांनी करायचं काय? कादंबरी सुरू होते तेव्हा त्यांनी नुकतंच आपल्यातल्या एकाला पुरलेलं असतं आणि कॅप्टन व्हाइम्स दारूच्या नशेत गटारात पडलेला असतो. उरलेत सार्जंट कोलन आणि नॉबी, आणि नुकताच दाखल झालेला, बुटक्या खाणकामगारांमध्ये वाढलेला धिप्पाड कॅरट. चौघांचीही कुणाला गरज नाही. नॉबीला त्या ड्रॅगनच्या तोंडावळ्यात स्वतःचा भाऊ एरल दिसतो, आणि तेच नाव पिल्लाला चिकटतं. खानदानी नाव तिथल्या तिथे गळून पडतं. एखाद्या जनावराला आपल्या भावाचं नाव सहज दिलं जातं तेव्हा त्याला घरात घेण्याचा निर्णय होऊनच गेलेला असतो. त्यासाठी कुणाला बसून विचार करावा लागत नाही.

आणि मग एरल खाऊ लागतो. कोळसा खातो हे समजण्यासारखं आहे. पण जे जळण नाही तेही तो खातो, आणि एक दिवस चौकीची चहाची किटली खातो. कुठल्याही घरात जनावराची अशी खोड आठवडाभर सहन होते, मग शिस्त लावायची भाषा सुरू होते. चौकीत ती कधी सुरूच होत नाही. थोडी कुरकूर होते, बस. याला कुणी आळस म्हणेल. चौघेही स्वतःच्याच आयुष्याला शिस्त लावू शकत नव्हते, ते ड्रॅगनला काय लावणार, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदी खोटाही नाही. पण आळशी माणूस आजारी जनावराच्या उशाशी पुस्तक घेऊन बसत नाही. व्हाइम्स बसतो. सिबिलबाईंचा रोगांवरचा ग्रंथ तो उघडतो आणि त्यातल्या भयंकर नावांच्या व्याधींची यादी वाचतो. एवढ्या दुखण्यांतून हा प्राणी जगतो तरी कसा, हाच प्रश्न त्याच्या हाती उरतो.

त्यानंतरची ती वाईट वेळ. एरल खाणं थांबवतो, पडून राहतो, आणि त्याच्या पोटातून जुन्या वाड्यातल्या नळांतून यावेत तसे आवाज येऊ लागतात. या जातीच्या प्राण्याचं पोट असं वाजू लागणं म्हणजे काय, हे आतापर्यंत वाचकालाही ठाऊक झालेलं असतं. हा कधीही फुटेल. बाहेर शहराची परिस्थिती याहून वाईट आहे. पुस्तकी मंत्रानं बोलावलेला एक अवाढव्य ड्रॅगन राजा होऊन बसला आहे, त्याला बळी म्हणून माणूस हवं आहे, आणि निवड सिबिलबाईंची झाली आहे. अशा वेळी चौकीत एका कोपऱ्यात एक जिवंत बॉम्ब पडलेला असताना, त्याला उचलून तिथलं कुणी बाहेर ठेवत नाही. मला या सगळ्या कादंबरीतलं सर्वांत धाडसाचं कृत्य हेच वाटतं. तलवार उपसायला धैर्य लागतं हे सगळे मानतात. पण जे दुखणं आपल्याला कळत नाही, ज्याच्यावर आपल्याकडे औषध नाही आणि जे आपल्याच अंगावर फुटू शकतं, त्याच्यासोबत एकाच छपराखाली राहायला जे लागतं, त्याला आपण धैर्य म्हणत नाही. घरात दीर्घ आजार काढलेल्यांना ते नीट ठाऊक असतं.

एरल आजारी नव्हताच. दलदली ड्रॅगन आपल्या पोटातली सगळी रचना हव्या त्या इंधनासाठी बदलू शकतात. एरलनं ती पार उलटी करून घेतली होती. हवा पुढून आत, ज्वाळा मागून बाहेर. ते अंड्यासारखं अंग, त्या बोगद्यासारख्या नाकपुड्या, ते तोकडे पंख, हे सगळं अतिवेगानं उडण्यासाठी नेमकं होतं. तो उडाला, आवाजाच्या वेगापलीकडे गेला आणि त्या हवेच्या तडाख्यानं राजा ड्रॅगन खाली कोसळला. माझ्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप इथेच आहे. शेवटी एरल उपयोगी ठरलाच ना? मग घरानं त्याला निरुपयोगी असताना सांभाळलं याचं कौतुक कशाला? गुंतवणूक फळली, इतकंच. पण पुढे काय घडतं ते नीट पाहावं. खाली पडलेल्या ड्रॅगनला ठार करायला जमाव धावतो, आणि एरल त्या जमावापासून तिला वाचवायला आडवा उभा राहतो. ती मादी आहे हे तेव्हाच कळतं. तो शहरासाठी लढलाच नव्हता. तो आपल्या जोडीदारणीसाठी आपल्या पद्धतीनं धडपडत होता. शहर वाचलं ते योगायोगानं. आणि ज्यांनी त्याला पोसलं, त्यांनी त्याला अडवलं नाही, त्याच्यावर हक्क सांगितला नाही. गुंतवणूक करणारा माणूस असं हातचं जाऊ देत नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही प्रॅचेटनीच दिला आहे. ‘मेन अ‍ॅट आर्म्स’ या १९९३च्या कादंबरीत चबी नावाचा एक दलदली ड्रॅगन आहे. मारेकऱ्यांच्या संघाच्या इमारतीत भिंत फोडण्यासाठी कुणीतरी त्याला आरशासमोर ठेवतो. चबीला प्रतिबिंबात दुसरा नर दिसतो, तो चवताळतो, आणि फुटतो. आरसा ठेवणाऱ्याला या जातीचा स्वभाव अगदी अचूक कळला होता, चौकीतल्या चौघांपेक्षा कितीतरी जास्त. २००१च्या ‘द लास्ट हिरो’मध्ये लिओनार्ड नावाचा अलौकिक बुद्धीचा माणूस याच प्राण्यांच्या अग्नीवर अवकाशात जाणारं यान चालवतो. त्याच्या मनात क्रौर्य नाही हे मान्य, पण त्या योजनेत ड्रॅगन हे इंधनच आहेत. त्याच प्रवासात चंद्रावर रुपेरी ड्रॅगन सापडतात, आणि त्यांची ज्वाळा मागून निघते. म्हणजे एरलचं व्यंग हे व्यंगच नव्हतं, या वंशाची ती जुनी रीत होती, आणि प्रदर्शनाच्या मापात न बसल्यामुळे ती खोट ठरली. कल्पित प्राण्यासाठी एवढा जीव कशाला टाकायचा, असं कुणी म्हणेल, तर त्यानं आपल्याकडच्या पग आणि बुलडॉगकडे पाहावं. चेहरा चपटा हवा या हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा श्वास कोंडला गेला. २००८ साली बीबीसीवरच्या एका माहितीपटानं ब्रिटनमधल्या खानदानी कुत्र्यांची ही दशा दाखवली आणि पुढच्याच वर्षापासून बीबीसीनं ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचं प्रक्षेपण थांबवलं. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात फ्लॅटमध्ये धापा टाकणारी ही जनावरं आजही आहेत. प्रॅचेटनी एरल लिहिला तो त्या माहितीपटाच्या १९ वर्षं आधी.

चौकी बदलली ती कॅरटमुळे, एरलमुळे नव्हे, असंही म्हटलं जातं. कॅरट सरळमार्गी आहे, कायद्याचं पुस्तक त्याला पाठ आहे, तो आल्यावर इतरांना लाज वाटू लागते, हे खरं. पण लाजेनं माणसं कामाला लागतात, एकमेकांची होत नाहीत. सगळं निस्तरल्यावर शहराचा सत्ताधीश पहारेकऱ्यांना विचारतो, बक्षीस काय हवं? शहर वाचवलेली माणसं. त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मिळालं असतं. ते बाजूला होऊन आपसांत कुजबुजतात आणि महिन्याला पाच डॉलरची पगारवाढ, एक नवी किटली आणि नेम धरून बाण फेकायच्या खेळाचा फळा मागतात. किटली का, तर जुनी एरलनं खाल्ली. हे सांगताना कुणाच्या बोलण्यात राग नाही. घरातल्या पोरानं काही मोडलं की आपण जसं सांगतो, तसंच ते सांगतात. संस्था बक्षिसं मागते, किटली मागतं ते घर. कॅरट येण्याआधी या माणसांना मागण्यासारखं एकत्र असं काही नव्हतंच, आणि कॅरट आल्यावरही त्यांच्या मागणीत आला तो एरलनं खाल्लेल्या वस्तूचा उल्लेख. सिबिलबाई आणि व्हाइम्स यांचं लग्न पुढच्या पुस्तकात होतं, नंतर त्यांना मुलगा होतो, आणि हाच एके काळचा दारुडा कॅप्टन रोज संध्याकाळी सहाला, काहीही झालं तरी, त्या मुलाला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायला घरी पोचतो. त्या दोघांची ओळख ड्रॅगनमुळे झाली आणि आजारी जिवाजवळ पुस्तक घेऊन बसायची सवय त्याला एरलपाशीच लागली होती, असं मी मानते.

‘गार्ड्स! गार्ड्स!’ ज्या वर्षी आली त्याच १९८९मध्ये प्रॅचेटनी मांजरांवरही एक पुस्तक लिहिलं, ‘द अनअ‍ॅडल्टरेटेड कॅट’. त्यात त्यांनी बाजू घेतली ती प्रदर्शनातल्या विंचरलेल्या मांजरांची नव्हे, घरोघरच्या उनाड मांजरांची. २००७ साली त्यांनी आपल्याला दुर्मीळ प्रकारचा अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं आणि १२ मार्च २०१५ रोजी ते राहत्या घरी गेले. तेव्हा कुटुंबीय भोवती होते आणि मांजर त्यांच्या बिछान्यावर झोपलेलं होतं, असं त्यांच्या प्रकाशकांनी कळवलं. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घरात वाचून झालं की एखादं मूल विचारेलच, मग एरल परत कधी येतो? त्याला खोटी आशा दाखवू नका. तो येत नाही, आणि चौकीतल्या कुणीही त्याला परत बोलावलेलं नाही.