काकूंच्या नावाचं पोस्टकार्ड

खामगाव, वैशाखातली रात्र.

आईला घेऊन आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात होतो आणि इकडे अवकाळी पाऊस आला. गच्चीवरच्या आमच्या कुरडया शेजारच्या काकूंनी धावत जाऊन गोळा केल्या, घरात पंख्याखाली पसरल्या. रात्री उशिरा नळ आला तेव्हा आमचे ड्रमही भरून ठेवले. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दुसऱ्याचं पाणी भरणं म्हणजे आपली झोप मोडणं.

शेजारी तोंडाने आभार मानले तर माणसं रागावतात. ‘परके झालो का आम्ही?’ म्हणतात. त्यांची वाटी रिकामी परत करायची नाही, एवढी रीत पुरते म्हणे. मला ती पुरेशी वाटेना. वाटीतला आमरस संध्याकाळपर्यंत संपतो. काकूंनी काय केलं, ते लिहिलेलं राहायला हवं.

म्हणून पोस्टकार्ड आणलं. भारतात १८७९ पासून चालत आलेलं, ५० पैशांचं. त्यात पाल्हाळाला जागाच नसते. ‘काकू, कुरडया वाचल्या. घरी आल्यावर आई पहिला घोट प्यायली, ते पाणी तुम्ही भरलेलं.’

भिंतीपलीकडे द्यायचं असलं तरी ते टपालपेटीतच टाकणार आहे. त्या घरात वीजबिलसुद्धा काकांच्या नावानं येतं. पोस्टमनने दारात उभं राहून एकदा काकूंचं नाव पुकारावं.