कागद कुठला, तारीख कोणती

पलसाणा (जि. सुरत), रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आज लाभपाचम. मिलच्या दाराला तोरण लागलं, बॉयलरची पूजा झाली, पण मिलमधली खाती अजून माणसांवाचून रिकामीच आहेत. धुळे-नंदुरबारकडची मंडळी भाऊबीज उरकून नवापूरमार्गे येतील, बिहारी कामगार छठपूजेनंतर. टाइम ऑफिसात काम थोडं, म्हणून समोरचा नोटीस बोर्ड नीट वाचला. पाळ्यांचं वेळापत्रक गुजरातीत, प्रॉव्हिडंट फंडाचं पत्रक इंग्रजीत, आगीपासून बचावाच्या सूचना हिंदीत. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला आमचा साक्रीकडचा माणूस यातलं किती वाचणार? त्याचा सातबारा धुळे जिल्ह्यात, रेशनकार्ड महाराष्ट्राचं, पगार गुजरातेत. लिहिता-वाचता येऊनही तो या बोर्डासमोर पाहुण्यासारखा उभा राहतो आणि शेवटी शेजाऱ्यालाच विचारतो, ‘काय लिहिलंय?’ शेजारी जे सांगेल ते खरं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

निवडणूक आयोगाने काल १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी जाहीर केली. त्यात गुजरात आहे, महाराष्ट्र नाही. ४ नोव्हेंबरपासून घरोघरी फॉर्म येणार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कामगारांच्या ग्रुपवर निरोप फिरू लागला होता: चार तारखेच्या आत गावच्या ग्रामपंचायतीचा शिक्का आणला नाही, तर नाव कटेल आणि रेशनही बंद होईल.

कापड रंगवायच्या जेट मशीनवरचा एक तरुण फोन हातात घेऊनच आला. “गावले जानं पडी का, जिभाऊ?”

जाणं म्हणजे भाडं गेलं आणि हजेरीही बुडाली. मी त्याला निरोप पुन्हा वाचायला लावला. कुठल्या कार्यालयाचा? नाव नाही. तारीख? नाही. क्रमांक, सही? काही नाही. मग आयोगाचं म्हणणं दाखवलं: फॉर्म भरण्याच्या टप्प्यावर कुठलाही कागद जोडायचा नाही. त्याने ते ऐकलं, आणि मला अजून सोडत नाही असं एक वाक्य म्हणाला: “पन हाऊ मेसेज ते आपला गावना माणूसनी धाडेल शे.”

त्याची खोली, नोकरी, पहिल्या महिन्याची उधारी, सगळं गावच्या माणसांनीच मिळवून दिलेलं. अशा माणसाला ‘कोणावर विश्वास ठेवू नकोस’ म्हणून सांगणं खोटेपणाचं आहे. विश्वासावाचून तो इथे एक दिवस टिकला नसता. मी एवढंच म्हटलं, “त्याला फोन लाव आणि विचार, तुला कोणी पाठवलं?” लावला. त्याला दुसऱ्या ग्रुपवर मिळाला होता. त्या ग्रुपवाल्याला तिसऱ्यावर. तिसऱ्याला आठवत नव्हतं. पोराने फोन खिशात टाकला आणि पाळीवर गेला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

युनेस्कोचा माध्यम आणि माहिती साक्षरता सप्ताह उद्या संपतो. माहिती साक्षरता ही संकल्पना पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत मांडली. आपल्या कामात माहितीची साधनं वापरायला शिकलेली माणसं, असा त्यांचा रोख होता. मला तो रोख मोलाचा वाटतो, कारण आपण हा विषय विद्यार्थी आणि ग्रंथालयांपुरताच ठेवला. मशीनवरच्या माणसाला तो लागतच नाही, असं गृहीत धरून चाललो.

आणि आमच्या साक्री तालुक्यात तर या चुकीची किंमत जिवाने मोजली गेली. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारे समजून, जमावाने ठार केलं. मुलं पळवण्याच्या अफवेसोबत त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळ कराचीतल्या बालसंरक्षण संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, पुढे त्याला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी शेवटचा तेवढाच भाग कापला होता. कापलेला तुकडा समोर असताना डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं ठरतं, हे शाळेत शिकवायला हवं. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ते बरंच झालं, पण मारणाऱ्या हातांना एक प्रश्न विचारायची सवय लावणं हे कंपनीचं काम नव्हे, आपलं आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर

शेजारच्या आप्पांकडे बसलो होतो. सप्टेंबर १९९४ मध्ये ते उधन्याला लूमवर होते. प्लेगची बातमी आली तशी टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब झालं, अनेक खासगी डॉक्टरच शहर सोडून गेले, पाण्यात विष कालवल्याची आवई उठली. काही लाख माणसं सुरतेतून पळाली. आप्पा ताप्ती लाइनच्या गाडीत दाराला लटकून गेले. देशभरातले मृत्यू शेवटी पन्नास-साठच्या घरात निघाले. “आम्हाला कोणी नीट सांगतच नव्हतं,” ते म्हणाले, “मग जो ओरडला त्याचं ऐकलं.”

मला टाळेबंदीतला ४ मे २०२० आठवला. इथून जवळच, आपल्याच तालुक्यातल्या वरेलीत, गावी जाऊ द्या म्हणत कामगार रस्त्यावर आले. दगडफेक झाली, अश्रुधूर सोडला गेला. श्रमिक रेल्वे सुरू झाल्याचा तो चौथाच दिवस होता. नाव कुठे नोंदवायचं, भाडं कोणी द्यायचं, याचं सरळ उत्तर गल्लीत पोहोचलं नव्हतं. म्हणून माहिती साक्षरतेचा सगळा भार वाचणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. ज्याच्या हातात खरा कागद आहे, त्याने तो वेळेवर आणि समोरच्याच्या भाषेत लावला नाही, तर अफवेला जागा त्यानेच करून दिली.

रविवार, २ नोव्हेंबर

याच सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहता आणि आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्म सभा काढली. मंत्र-जादू करणाऱ्यांना सभा सांगायची, चारचौघांत करून दाखवा. ना तार, ना रेल्वे, तेव्हाची गोष्ट. पुरावा मागायला इंटरनेट लागत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फॉर्म आले. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, इथल्या प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत. पाळी सुटताना गेटवर बसायला त्या आपण होऊन तयार झाल्या. त्यांच्या विनंतीवरून मी बोर्डावर मराठीत आणि हिंदीत कागद लावला, खाली आयोगाच्या पत्रकाची तारीख घातली. दोन प्रती मिळतात, एक आपल्याकडे राहते, ती जपा. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी चालतं. गावचं ठेवायचं की इथलं, ते ज्याने त्याने ठरवायचं. या दुसऱ्या मुद्द्यावर बराच वाद झाला. गावचं नाव काढणं म्हणजे घरचा उंबरा सोडणं, असं बायका म्हणत होत्या.

जेट मशीनवरचा तो तरुणही आला. इथे त्याचं नाव नव्हतंच, गावच्या यादीत आहे, फोनवर शोधून दाखवलं. मग स्वतःच म्हणाला, “आता पीएफचं बी बघू.” ओटीपी आला, पासबुक उघडलं. पगारातून दरमहा कपात होते, पण जुलैपासून खात्यात जमा काहीच नाही. त्याने चारही महिन्यांच्या पगारपावत्या खोलीवरून आणल्या आणि टेबलावर तारखेप्रमाणे लावल्या. अर्ज मराठीत त्यानेच सांगितला, मी इंग्रजीत उतरवला. सोमवारी तो ठेकेदाराकडे जाणार आहे. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलंय. त्याच्या खोलीतल्या बाकीच्यांनीही आपापले पीएफ नंबर आणून दिलेत.