अनसोल्ड

परवा आपल्या तुडील भागातल्या एका प्रीमियर लीगचा लिलाव होता. माईक माझ्याकडे. भात कापल्यावर शेतात पीच करून आम्हाला खेळायला शिकवणाऱ्या एका दादांचं नाव पुकारलं. कुणीच बोली लावली नाही. "अनसोल्ड" म्हणताना माझीच जीभ अडखळली. दादा समोरच्याच खुर्चीवर बसले होते. हसले, पण चहाला थांबले नाहीत.

घरी आल्यावर अजिंक्य रहाणे आठवला. नोव्हेंबर २०२४, जेद्दाहचा आयपीएल लिलाव. पहिल्यांदा त्यालाही कुणी घेतलं नाही. पण तिथे उरलेल्यांपैकी संघ ज्यांची नावं देतात, ते शेवटी पुन्हा पुकारले जातात. तेव्हा कोलकात्याने त्याला मूळ किमतीत, दीड कोटीत घेतलं आणि मार्च २०२५ मध्ये चक्क कर्णधार केलं!

खेळाडू तोच. फरक पडला तो दुसऱ्या फेरीने. आपल्याकडे ती फेरीच नाही.

आयोजक मंडळींनो, पुढच्या वर्षी एवढं कराच. उरलेल्यांची दुसरी फेरी ठेवा, प्रत्येक संघात चाळिशीपुढचा एक खेळाडू सक्तीचा करा. माईकवर मीच असेन, तर तो शब्द मी उच्चारणार नाही. पटतंय का, बोला.